बघताना फक्त भूक लागते

प्रेमकथेला पाऊस लागतो, आणि त्या वर्षी सोलमध्ये पाऊस नव्हता. जून कोरडा गेला, जुलैही अर्धा गेला. हवामान खातं रोज सकाळी गंभीर चेहऱ्यानं 'उद्या' म्हणायचं आणि संध्याकाळी तोच चेहरा ठेवून 'परवा'. लोकांनी छत्र्या परत माळ्यावर टाकल्या. अशा एका भाजून काढणाऱ्या दुपारी मा हेरिन योंगसानच्या चित्रपटगृहातून बाहेर पडली आणि रस्त्यातच थबकली. तिला धिरडं खावंसं वाटत होतं.

आता, कांद्याच्या पातीचं धिरडं आमच्याकडे पाऊस पडला की खातात. थेंब टपकायला लागले की अख्ख्या शहराला तवा आठवतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण कडकडीत उन्हात धिरडं मागणं म्हणजे भर उन्हाळ्यात शेकोटीची चौकशी करणं. हेरिनला स्वतःचीच काळजी वाटली. ऊन लागलं असावं, असं निदान करून ती सामगाकजीच्या गल्लीत शिरली.

हेरिन एका सिनेसाप्ताहिकात समीक्षक होती. या साप्ताहिकांची एक रीत आहे: सिनेमाला पाचपैकी तारे द्यायचे आणि वीस अक्षरांच्या आत मत लिहायचं. वीस अक्षरांत कौतुक नीट मावत नाही. अपमान मात्र मापात शिवल्यासारखा बसतो. हेरिनचे अपमान तर लोक फोनमध्ये जपून ठेवायचे.

तिचा एक लेख विशेष गाजला होता – 'दुसऱ्या भागाची गरज कुणाला?' कुठल्याही चांगल्या सिनेमाचा दुसरा भाग काढू नये, असं त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं. इथवर ठीक होतं. पण तिनं तो सिद्धांत जगण्यालाही लावला. मैत्रिणी ओळख करून देतील त्या मुलाला ती एकदा भेटायची, छान गप्पा मारायची, कॉफी संपवायची आणि दुसऱ्या भेटीला नकार कळवायची. "पहिली चांगली झाली ना?" ती म्हणायची. "मग बिघडवायची कशाला?" मैत्रिणींनी शेवटी हात टेकले.

तर, धिरड्याच्या दुकानात चारच टेबलं होती आणि तव्यामागे मावशी. मावशी कुणाची सख्खी नव्हे. खानावळवाल्या बाईला आमच्याकडे मावशीच म्हणतात, आणि तीही त्या नात्याचा हक्क बजावून घेते.

"मावशी, एक पातीचं धिरडं."

मावशीचं उलथनं हवेतच राहिलं. "तूसुद्धा? अगं, बाहेर झाडं करपताहेत! शेजारी थंड शेवयांना रांग लागलीय, आणि इथे एकामागोमाग एक येताय आणि धिरडं मागताय. कुठे पाऊस पडलाय का?"

"कुठेच नाही."

"मग ऊन चढलंय सगळ्यांना. बस त्या पोरापाशी, दुसरीकडे जागा नाही."

तो पोरगा तिशीतला होता. त्याचे कान जरा मोठे होते आणि पुढ्यातलं अख्खं धिरडं न मोडता तसंच पडलं होतं. तो त्याच्यावर मान वाकवून बसला होता.

"तुम्ही खात नाही?" हेरिननं विचारलं.

"ऐकतोय."

"काय?"

"गार होताना ते कडेनं बारीक बोलतं. ऐका..."

हेरिननं मान वाकवून ऐकलं. तिला काहीच ऐकू आलं नाही. माणूस जवळून बरा दिसतो, एवढंच कळलं.

तिचं धिरडं आलं, बरोबर तोंडी लावायला खारात मुरवलेल्या हिरव्या पानांची वाटी आली. ती पानं एकमेकांना अशी चिकटलेली असतात की एक उचलायला जावं तर पाच उठतात. हेरिन जेवायच्या काड्यांनी झटापट करत होती, तेवढ्यात समोरून दुसऱ्या काड्या आल्या, त्यांनी खालची पानं अलगद दाबून धरली, आणि तिचं पान सुटून आलं. यात काय मोठंसं, असं परक्या माणसाला वाटेल. आमच्याकडे दुसऱ्या मुलीचं पान सोडवून दिलं म्हणून साखरपुडे मोडले आहेत.

"तुमची बायको बघेल," हेरिन म्हणाली.

"बायको नाही."

"मैत्रीण?"

"तीही नाही. पान खा, गार होतंय."

"पान गारच असतं."

"हो... असतं खरं." त्याचे कान लाल झाले. मोठे असल्यामुळे ते लपेनात.

"सिनेमाहून आलात ना?" त्यानं विषय बदलला. "उन्हातून आल्यावर माणूस डोळे बारीक करत नाही, अंधारातून आल्यावर करतो."

"'बेट हलतंय – दोन'. डायनासोरांचा."

"अरे वा! कसा आहे?"

"पहिल्या भागात फक्त बेट हललं होतं. या भागात बेट, समुद्र, दिवे, कॅमेरा, सगळं हलतं. गोष्ट तेवढी जागची हलत नाही."

"आणि डायनासोर?"

"त्यांचं काम चांगलंय. निदान ते कारण नसताना रडत नाहीत. नायक रडतो, नायकाचा बाप रडतो. शेवटी हेलिकॉप्टर येतं, तेही रडवेलं वाटतं."

तो मनापासून हसला. मग काड्यांशी चाळा करत, जणू सहज म्हणून, त्यानं विचारलं, "पाऊस... पाऊस कसा होता?"

"कुठला पाऊस? – हां, गुहेतला." हेरिन थांबली. "तिथे आई-डायनासोर अंड्यावर बसते, बाहेर पाऊस पडत असतो आणि कुणीच बोलत नाही. सबंध सिनेमात तेवढंच. तिथे मी..."

"तिथे तुम्ही?"

"मी बॅग उचलून मांडीवर घेतली. खाली ओल येईल म्हणून." ती ओशाळली. "हसू नका."

"नाही हसत," तो म्हणाला. खरंच हसत नव्हता. काड्या खाली ठेवून तो तिच्याकडे असा बघत होता, की जणू कुणी त्याला परदेशातल्या घरच्या माणसाची खुशाली सांगितली असावी.

एवढ्यात दार उघडून उम आले. उम म्हणजे समीक्षकांतले भीष्म. आजवर त्यांनी कुणाला पाचवा तारा दिलेला नव्हता. हेरिनला बघून ते दचकले.

"सर, तुम्ही? आणि धिरडं?"

"डॉक्टरांनी तेलकट खायला सांगितलंय," उम म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. असा डॉक्टर सगळ्या सोलमध्ये एकच असावा. हेरिननं वळून पाहिलं, तर उरलेल्या टेबलांवरही मघाच्या खेळाला आलेलीच मंडळी होती. सगळी एकमेकांची नजर चुकवत धिरडी खात होती.

"तुम्ही काय करता?" उठताना तिनं त्या मोठ्या कानांना विचारलं.

"ऐकायचं काम."

"कानाचे डॉक्टर?"

"जवळपास." त्यानं आपल्या धिरड्याची कडा, सगळ्यांत कुरकुरीत भाग, मोडून तिच्या ताटलीत ठेवली. "मी गुक जिहान. परत भेटलो तर..."

"माझा दुसऱ्या भागांवर विश्वास नाही," हेरिन म्हणाली. कडा मात्र उभ्याउभ्याच खाल्ली.

परत आल्यावर ती मत लिहायला बसली. अर्धाच तारा द्यायचा ठरवून आली होती. पण बोट एकावर गेलं, तिथे जरा रेंगाळलं आणि तिथेच राहिलं. का, ते तिला कळलं नाही. आणि वीस अक्षरांची मुभा असताना तिनं त्याहून बरीच कमी वापरली: 'बघताना फक्त भूक लागते.'

त्या आठवड्यात 'बेट हलतंय – दोन' वर समीक्षकांनी जे केलं, ते उल्केनं डायनासोरांवर केलं नसेल. एकानं लिहिलं, 'डायनासोर मेले, पटकथा त्याआधीच.' दुसऱ्यानं, 'अंड्याचा अभिनय संयत.' उमनी नुसतं लिहिलं, 'पुन्हा नामशेष व्हावेत.' पण गाजली ती हेरिनची ओळ. लोक ती ऑफिसात जेवायच्या सुट्टीआधी एकमेकांना पाठवू लागले. तिकिटांच्या अॅपवर प्रेक्षकांच्या मताचं एक अंडं असतं. सिनेमा आवडला की ते सोनेरी होतं, नावडला की फुटतं. ते शनिवारीच फुटलं. डायनासोरांच्या सिनेमाचं अंडं फुटावं, यावर आणखी विनोद करायची गरज कुणालाच वाटली नाही.

सोमवारी साप्ताहिकाचे संपादक प्यन धापा टाकत हेरिनच्या टेबलापाशी आले. "खाली एक माणूस आलाय. त्या डायनासोरवाल्यांपैकी. तुलाच भेटायचंय म्हणतो. मागच्या दारानं जातेस का?"

"मारायला आलाय?"

"फुलं आणलीत. त्याचीच जास्त भीती वाटते."

खाली जिहान उभा होता. फुलं नव्हती ती. कांद्याच्या पातीची जुडी होती, फुललेली, कागदात गुंडाळलेली. हेरिनला बघताच त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला.

"आभार मानायला आलो."

"एक तारा दिला म्हणून?" हेरिनला हळूहळू उमगायला लागलं. "म्हणजे तुम्ही कानाचे डॉक्टर नाही."

"त्या सिनेमाचे आवाज मी केलेत. आणि आभार भुकेबद्दल." तो इतका खूश होता, की दारावरचा रखवालदारही हसायला लागला. "गुहेतला पाऊस खरा नाही. खरा पाऊस यंत्रात घेतला की कुणीतरी कागद फाडतंय असं वाटतं. महिनाभर धडपडलो. मग एक दिवस मावशीकडे जेवताना डोळे मिटले, आणि... तिथेच होता तो. तव्यावर."

"तो पाऊस म्हणजे..."

"धिरडं. पातीचं. मंद आचेवर रिमझिम, पीठ पसरताना सर, आणि उलटताना वाऱ्याचा झोत."

मागे उभे असलेले प्यन म्हणाले, "अरे देवा. मीही त्या दिवशी घरी जाऊन बायकोला धिरडं मागितलं. तिनं ताप बघितला माझा."

हेरिनला मात्र राग आला. राग आधी आला, कारण मग सापडलं. "म्हणजे त्या दिवशी सापळा लावून बसला होतात? कोण कोण येतं ते मोजत?"

"सापळा नाही हो. निकाल. परीक्षेला बसलेलं पोर शाळेच्या फाटकाशी उभं राहतं, तसा." त्यानं पातीची जुडी पुढे केली. "सिनेमा वाईट आहे, मला ठाऊक आहे. आठ महिने मी तो रोज पाहिलाय. तुमच्याहून जास्त सोसलंय. पण तुम्ही बॅग मांडीवर घेतलीत. त्या दिवसापासून मला नीट झोप लागते. एकदा... एकदाच पुन्हा पाहाल? डोळे मिटून. तिकीट मी –"

"तिकीट माझं मी काढीन. समीक्षक आहे मी."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दुसऱ्या भेटीला होकार देऊन बसलो. तोही दुसऱ्याच भागाच्या खेळाला.

दुपारचा खेळ होता. सबंध थिएटरात ते दोघं, आणि पुढच्या रांगेत गारव्यासाठी येऊन झोपलेले एक आजोबा. दिवे गेले. हेरिननं डोळे मिटले.

"घाबरू नका, पावलं येताहेत," तो तिच्या कानाशी कुजबुजला. "हिवाळ्याच्या किमचीसाठी मिठात ठेवलेले कोबी. आईनं आपटू दिले, पण एकेकाची माफी मागायला लावली."

धप्प. धप्प. खुर्ची हलली.

"ही डरकाळी?"

"आमचा जुना फ्रीज. मागे मामाचं घोरणं. मामाला माहीत नाही. तो पहिल्या दिवशी पाहून आला आणि म्हणाला, जनावर फार भयंकर आहे."

हेरिन हसली आणि तोंडावर हात धरला. तो हात खाली आणताना खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, तर तिथे आधीच एक हात होता. दोघांपैकी कुणीही तो काढला नाही. सिनेमात त्या वेळी एक सबंध जहाज बुडत होतं. इकडे कुणाला पत्ता नव्हता.

मग अंड्याला तडा गेला. "भाताची खरपुडी," तो म्हणाला. मग पिल्लाचा पहिला श्वास आला – बारीक, ओला, अडखळता. या वेळी तो काहीच बोलला नाही.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"ते... माझंच. पहाटेपर्यंत बसून थकलो होतो. वाटलं, हे कुणी ऐकणार नाही. तर नुसता श्वास घेतला."

आणि पाऊस आला. आता हेरिनला ठाऊक होतं तो काय आहे: पीठ, तेल, कांद्याची पात. तरी खांद्यांवर गारवा उतरला. डोळे मिटलेल्या तिला गुहा दिसली, ऊब दिसली, आणि बाहेर पडणारा तो सगळा पाऊस दिसला, जो या शहरावर दीड महिना पडलाच नव्हता. आणि मग, त्या शांत जागी, तिच्या पोटानं मोठ्यानं आवाज केला.

मग त्याच्याही पोटानं उत्तर दिलं. पुढच्या रांगेतले आजोबा झोपेतून उठून म्हणाले, "धिरडं मिळेल का कुठे?"

बाहेर आल्यावर जिहाननं विचारलं, "आता?"

"डोळे मिटून चार तारे. उघडले की एक."

"सरासरी?"

"समीक्षेत सरासरी नसते." पण ती हसत होती, आणि मावशीच्या दुकानाकडे तीच आधी वळली.

तिथे त्यानं सांगितलं, की तिसरा भाग निघायचा आहे आणि त्यात समुद्र आहे. समुद्र कशाचा करायचा, हे त्यानं ठरवूनही ठेवलं होतं. कशाचा, ते मात्र सांगेना. "काम मिळालं तर सांगेन," म्हणाला. "बोलून दाखवलं आणि मिळालं नाही, तर समुद्र वाया जाईल."

इथवर सगळं छान चाललं होतं, म्हणजे काहीतरी येणारच होतं. आल्या त्या सिनेमाच्या निर्मात्या, बांगबाई. त्यांनी हेरिनला थेट फोन लावला. सिनेमा उतरायच्या आत एक शेवटचा प्रयत्न म्हणून शुक्रवारी संध्याकाळच्या खेळानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्या होत्या. मंचावर ध्वनिकार गुक जिहान आणि ती गाजलेली एकतारी समीक्षक.

"यायला हरकत नाही," हेरिन म्हणाली.

"आणि तिथे एक तारा वाढवा," बांगबाई म्हणाल्या. "दोन म्हणा, पुरे. असंच नाव राहिलं तर तिसऱ्या भागाला कंपनी सगळी नवी माणसं आणणार. पोरगं चांगलं आहे हो. त्याचं कामही जाईल. आणि तुम्ही डोळे मिटून चार देता म्हणे. तोच सांगत होता."

तोच सांगत होता... हेरिननं फोन ठेवला. पातीची जुडी तिनं बरणीत पाणी घालून ठेवली होती. तिला नवी मुळं फुटली होती. हेरिन त्या जुडीकडे बराच वेळ बघत बसली. म्हणजे काड्यांनी सोडवलेलं पान, कुरकुरीत कडा, खुर्चीच्या दांड्यावरचा हात, सगळं एका ताऱ्यासाठी? तसं असेल तर 'एक' म्हणायला काहीच जड नव्हतं. आणि तसं नसेल तर... 'एक' म्हटलं की त्याचा समुद्र जाणार. आणि 'दोन' म्हटलं, तर तिच्याजवळ स्वतःचं म्हणून जे एकच होतं, ते जाणार.

शुक्रवारी मंचामागे तिनं त्याला गाठलं. "बांगबाईंना चार तारे तुम्ही सांगितलेत?"

"सांगितले," तो चटकन म्हणाला. "सगळ्यांनाच सांगितले. आईला, मामाला, भाजीवालीला. आनंद झाला होता म्हणून. का?" तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज बारीक झाला. "मागायला नव्हते सांगितले."

तेवढ्यात दोघांची नावं पुकारली गेली.

थिएटर भरलं होतं. वाईट सिनेमाला दिलेल्या शिव्या ऐकायला लोक चांगल्या सिनेमापेक्षा जास्त येतात. जिहाननं आवाजांच्या गमती सांगितल्या. कोबी, फ्रीज, मामा. मामा दुसऱ्या रांगेतच होते, त्यांना तिथेच कळलं. लोक पोट धरून हसले. मग सूत्रसंचालकानं, अगदी सहज सुचल्यासारखं, हातातल्या कागदावर बघून विचारलं, "मा हेरिनजी, हे सगळं कळल्यावर आज किती तारे द्याल?"

बांगबाई पहिल्या रांगेत पुढे सरकल्या. हेरिननं शेजारी पाहिलं. जिहान तिच्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून, डोळे मिटून तो ऐकत होता – पहिल्या दिवशी धिरडं ऐकत होता तसा.

"एक," हेरिन म्हणाली.

कुणीतरी खोकलं. बांगबाई मागे टेकल्या.

"पण एक सांगायचं राहिलं होतं," हेरिननं माइक घट्ट धरला. "मी अर्धाच देणार होते. मग एक का दिला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय. गोष्टीला, नायकाला आणि हेलिकॉप्टरला मिळून शून्य. तो अख्खा तारा पावसाचा आहे. तो मी दिला तेव्हा पाऊस कोणी केला ते मला माहीत नव्हतं, आणि... आणि करणारा मला आवडतो हेही माहीत नव्हतं. म्हणून त्या ताऱ्याला हात लावणार नाही. वाढवला, तर तो खोटा होईल."

थिएटर क्षणभर इतकं शांत झालं, की जिहानचे कान लाल होताना जवळजवळ ऐकू आले. मग मामा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मामांनी सुरुवात केल्यावर सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या.

त्यानंतर जे झालं त्याला नियोजन म्हणता येणार नाही. त्या सगळ्या लोकांनी नुकताच तो पाऊस ऐकला होता. ते रस्त्यावर आले, दोन मिनिटं घुटमळले, आणि एखादं सरकारी फर्मान निघाल्यासारखे सामगाकजीच्या गल्लीकडे चालू लागले. मावशीनं दारातून ती मिरवणूक पाहिली आणि पोरीला हाक मारली, "अगं, सगळी पात चिर! याड लागलंय लोकांना!"

जिहान आणि हेरिन त्यांच्याच टेबलावर कोपऱ्यात दबून बसले. शेजारी उम होते. ते आता डॉक्टरांचं नाव घेत नव्हते.

"तुमचं काम गेलं," हेरिन म्हणाली.

"गेलं असेल." त्यानं धिरड्याची कडा मोडून तिच्या ताटलीत ठेवली. "पण तुम्ही दोन म्हणाला असतात ना, तर माझी पंचाईत झाली असती. उद्या मी केलेल्या भाजीला तुम्ही चांगली म्हणाल... मी विश्वास कसा ठेवायचा? आता तुम्ही 'आवडतो' म्हणालात, तर तो शब्द मी डोळे मिटून घरी नेऊ शकतो."

"उद्याची भाजी? कुठली भाजी?"

"कुठलीही. रोजची."

हेरिननं मुरवलेल्या पानांच्या वाटीत काड्या घातल्या आणि खालची पानं दाबून धरली. त्यानं वरचं पान उचललं. आमच्याकडे यानंतर साक्षीदार लागत नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बांगबाई आल्या. त्यांच्या हातात ताटली होती, हनुवटीला तेल होतं आणि चेहरा रागावलेला होता. "दुसरं चाललंय माझं," त्या म्हणाल्या. "पहिलं कधी संपलं कळलं नाही. ए, समुद्र कशाचा करणार आहेस?"

जिहाननं हेरिनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तांदूळ धुण्याचा."

बांगबाईंनी डोळे मिटले. घास चावायचा थांबला. "भात लागेल लोकांना," त्या पुटपुटल्या. "सबंध देशाला भात लागेल... सोमवारी ये." आणि तिसऱ्या धिरड्याकडे निघून गेल्या. सिनेमा होता तेवढाच वाईट राहिला, अंडंही फुटकंच राहिलं. पण त्या शुक्रवारनंतर तो आणखी कितीतरी दिवस चालला, आणि लोक तो डोळे मिटून बघायला जेवणाआधी जायचे.

दोघं बाहेर पडले तेव्हा रस्ता चमकत होता. पाऊस केव्हापासून पडत होता कोण जाणे. आत तवा एवढा गाजत होता, की कुणालाच वेगळा ऐकू आला नव्हता. वाट बघून बघून थकलेलं शहर छपरांखाली उभं राहून बावळटासारखं हसत होतं. छत्री कुणाकडेच नव्हती.

जिहाननं मान वाकवून ऐकलं. "जरा खोटा वाटतो," तो म्हणाला.

"त्याला नावं ठेवायचं काम माझं आहे."

"बरं. मग माझंही काहीतरी लिहा." तो भिजतच तिच्यासमोर उभा राहिला. "तारे नकोत. वीस अक्षरं."

हेरिननं विचार केला. केसांतून पाणी ओघळत होतं, हसू आवरत नव्हतं... "भूक लागते," ती म्हणाली. "दुसरा भागही बघेन. तिसराही."

तो बोटांवर मोजू लागला. दुसऱ्या भागाशी आला तेव्हा थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. पाऊस वाढला. मावशी दारातून ओरडली, "अरे, भिजताय काय येड्यांनो!"

"अठरा," तो अखेर म्हणाला. "दोन अक्षरं उरलीत, समीक्षकबाई."

हेरिननं त्याचा हात धरला आणि पावसात पाऊल टाकलं.

"चल."